दोन वाटांनी एक चाक: रिडक्शन गिअरच्या चालत्या मॉडेलच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

डोंबिवलीच्या घरातल्या मागच्या खोलीत आजपासून काम सुरू. जहाजाच्या स्टीम टर्बाइनचा डबल रिडक्शन गिअर, म्हणजे टर्बाइनचा वेग दोन टप्प्यांत कमी करून प्रोपेलरला देणारी दातेरी चाकं, लॉक्ड-ट्रेन पद्धतीचा, हाताएवढा आणि चालता बनवायचा. ओळखीच्या एका प्रशिक्षण संस्थेला वर्कशॉपमध्ये ठेवायला हवाय. त्यांच्या मुलांनी आयुष्यात डिझेल सोडून दुसरं इंजिन पाहिलेलं नाही. त्यातलं एखादं पोर उद्या जुन्या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) नेणाऱ्या जहाजावर गेलं, तर तिथे अजूनही बॉयलर, टर्बाइन आणि खोलीएवढा गिअरकेस वाट बघत असतो.

मी १९८६ मध्ये स्टीम टँकरवर ज्युनिअर होतो. गिअरकेसला रोज हात लावून तापमान बघायचो. आत काय चाललंय हे मात्र चित्रातच बघितलेलं. जुन्या विक्रांतला दोन शाफ्टवर ४०,००० अश्वशक्तीच्या गिअर्ड टर्बाइन होत्या. ती मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा मी दोनदा गेलो, पण दोन्ही वेळा विमानं बघून परत आलो. २०१४ मध्ये ती मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडायला घेतली तेव्हा हळहळलो.

मांडणी अशी. टर्बाइनच्या जागी मोटर. तिच्या शाफ्टवर एक पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन मोठी चाकं, म्हणजे फर्स्ट रिडक्शन, वेग कमी करायचा पहिला टप्पा. त्या प्रत्येक चाकाच्या शाफ्टवर पुढे आणखी एक पिनियन, आणि ही दोन्ही पिनियन मिळून एकच बुल गिअर, म्हणजे सगळ्यात मोठं चाक, फिरवतात. बुल गिअरच्या शाफ्टला प्रोपेलर. ताकद दोन वाटांनी जाते आणि शेवटी एका चाकावर येते, हीच लॉक्ड-ट्रेन. खऱ्या जहाजात एचपी (जास्त दाबाची) आणि एलपी (कमी दाबाची) अशा दोन टर्बाइन असतात. मी एकच बाजू करणार, खिसा बघून.

हा खटाटोप कशासाठी, हे दोन ओळींत: टर्बाइनला मिनिटाला हजारो फेरे हवेत, प्रोपेलरला शंभराच्या आसपास. स्टीम टर्बाइनवाल्या पार्सन्सच्या टर्बिनिया या बोटीला आधी एकच प्रोपेलर होता आणि तो टर्बाइनच्याच वेगाने फिरायचा. पाणी कापण्याऐवजी पाण्यात पोकळ्या करत बसायचा. मग तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन प्रोपेलर लावून १८९७ मध्ये बोट ३४ नॉटच्या पुढे गेली, पण मालवाहू जहाजाला तो इलाज परवडण्यासारखा नव्हता. १९१० च्या सुमारास पार्सन्सनेच व्हेस्पेशियन नावाच्या जुन्या मालबोटीत टर्बाइनला सुमारे २० ला १ गिअर लावून दाखवला.

९ जानेवारी

दातांचे आकडे. पहिल्या टप्प्यात १७ आणि ८३. दुसऱ्यात १९ आणि १३१ धरले होते. मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) दीड, हेलिक्स (दातांचा तिरकेपणा) ३० अंश. सगळं कागदावर जुळलं आणि मग भाच्याने विचारलं, "मामा, बुल गिअर केवढा होतोय?" २३० मिमी. चाकं छापायची त्याच्या थ्रीडी प्रिंटरवर, आणि त्याचा बेड २२० चा. दोन संध्याकाळी पाण्यात.

१३१ चे ११३ केले. आता बाहेरचा व्यास १९९ मिमीच्या आत, आणि दोन्ही टप्पे मिळून २९ ला १. १७, ८३, १९, ११३ या सगळ्या मूळ संख्या. तेवढं कडक असायची गरज नाही, जोडीत समान भाजक नसला की पुरे. १७ ला ८५ घेतले असते तर पिनियनच्या दर ५ फेऱ्यांनी तोच दात त्याच दाताला भेटला असता आणि एका खराब दाताने दुसऱ्या बाजूच्या ठरावीक पाच दातांना खड्डा पाडला असता. १७ ला ८३ मध्ये तीच जोडी ८३ फेऱ्यांनी भेटते. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

१३ जानेवारी

पहिली जोडी छापली. साधे एकतर्फी तिरके दात, कारण तेच सोपं. नऊ तास. दोन्ही चाकं हातात घेतली, जुळवायला गेलो तर दात एकमेकांना फुलीसारखे आडवे. समांतर शाफ्टवर एक उजव्या हाताचं असेल तर दुसरं डाव्या हाताचं लागतं. मी दोन्ही उजवी छापली होती. छत्तीस वर्षं समुद्रावर काढून ही चूक. बायकोला सांगितलं नाही.

१६ जानेवारी

पिनियन उलट हाताचं छापून घेतलं. संक्रांतीचे लाडू खात लाकडी फळीवर जोडी बसवली आणि ड्रिलने फिरवली. छान फिरली. मग चाकाला हाताने जरा अडवलं, तर पिनियनचा शाफ्ट बेअरिंगसकट बाजूला सरकला आणि बेअरिंग खाचेतून बाहेर आलं. तिरका दात ताकद नुसती गोल फिरवत नाही, शाफ्टच्या दिशेनेही ढकलतो. ३० अंशांना हा धक्का फिरवणाऱ्या ताकदीच्या निम्म्याहून जास्त. जहाजावर दुहेरी तिरके दात का असतात ते ढकलाढकली आपल्याच बोटांवर घेतली की पटतं. एक अर्धा डावीकडे ढकलतो, दुसरा उजवीकडे, हिशेब शून्य.

आता सगळी चाकं माशाच्या काट्यासारख्या दुहेरी दातांची. कारखान्यात दात कापणाऱ्या हत्याराला बाहेर यायला मधे खोबण ठेवतात. प्रिंटरला ती लागत नाही.

२१ जानेवारी

बुल गिअर २६ तासांचा प्रिंट. १९ व्या तासाला लाइट गेली. प्रिंटर परत चालू झाल्यावर पुढे गेला खरा, पण त्या थरावर नखाला लागेल एवढी पायरी राहिली. फेकून दिला. पीईटीजी प्लास्टिकचं जवळजवळ पूर्ण रीळ गेलं, १,०५० रुपये. दुसऱ्यांदा छापताना भाच्याने घरातला इन्व्हर्टर लावला आणि रात्रभर पंखे बंद ठेवायला लावले.

एक गोष्ट करून बघणाऱ्यांसाठी: बेडला चिकटलेला पहिला थर जरा पसरतो, त्यामुळे दाताचं एक टोक जाड होतं. चाक एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला ढिलं लागलं तर सेंटर डिस्टन्सला (दोन शाफ्टमधल्या अंतराला) हात लावू नका, आधी बारीक कानशीने ती कड काढा. मी उलटं केलं, चार तास घालवले.

२८ जानेवारी

आजचा दिवस लाजेचा.

१० मिमी ॲक्रिलिकच्या दोन प्लेटी लेझरवाल्याकडून कापून आल्या, २,२०० रुपये. बेअरिंगची भोकं एकदम नेमकी. मधलं पिनियन, दोन चाकं, सगळं शाफ्टवर चढवलं. समोरची प्लेट लावायची तर शाफ्ट बाजूने भोकात सरकवावे लागतात. सरळ दातांचं चाक असतं तर सरकलं असतं. दुहेरी तिरके दात एकमेकांत अडकले की बाजूने सरकतच नाहीत, एक अर्धा सोडतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो. चाक वरूनच आणून बसवावं लागतं. आणि वरून यायला माझ्या प्लेटीला तोंडच नाही, गोल भोकं.

तासभर नुसता बघत बसलो. जहाजावरचा गिअरकेस शाफ्टच्या मध्यरेषेवर आडवा फोडलेला असतो. वरचा अर्धा चेन ब्लॉकने उचलायचा, मग चाकं क्रेनने. मी समजत होतो ते फक्त दुरुस्तीच्या सोयीसाठी. दुहेरी दातांची मोठी चाकं वरून आत आणायलाही तेच लागतं.

जिगसॉने प्लेटी कापल्या, प्रत्येक भोकावर उघडी खाच केली, वर ॲल्युमिनियमच्या पट्टीची टोपी. ॲक्रिलिकला दोन ठिकाणी तडे गेले. दिसायला भिकार, पण जुळलं. सेंटर डिस्टन्स हिशेबाने ८६.६, प्रत्यक्षात ८६.८ ठेवलं. त्याहून जवळ घेतलं की प्रिंटचे दात अडतात, प्ले, म्हणजे दातांमधली मोकळीक, थोडा लागतोच.

३ फेब्रुवारी

पहिल्यांदा मोटर लावली. १२ व्होल्टची, स्पीड कंट्रोलरने १,४५० फेऱ्यांवर बांधलेली. प्रोपेलर शाफ्ट ५० ला फिरायला हवा. फिरला. दीड मिनिट. मग दर फेऱ्याला एकदा "हुं" असा आवाज, मोटर हळू, मोटर गरम. मोटरच्या शाफ्टची उष्णता पिनियनमध्ये गेली. ते पिनियन मी हाताशी होतं म्हणून पीएलए प्लास्टिकचं छापलं होतं, जे ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. भोक सैल झालं, शाफ्ट आत फिरतोय आणि चाकं उभी.

पिनियन पीईटीजीचं केलं, पण रोग तो नव्हता. सगळ्या शाफ्टना दोन्ही टोकांना कॉलर (अडवणाऱ्या कड्या) आवळून मी हलता येणार नाही असं बसवलं होतं. नेटकेपणाची हौस. दुहेरी दाताचं चाक जागा स्वतः शोधतं. छपाईत दातांच्या दोन अर्ध्यांमधलं शिखर थोडं इकडेतिकडे असणारच, तेव्हा फिरताना त्याला मिलिमीटरभर डोलायला मोकळीक पाहिजे. सगळ्यांना जखडलं की सगळी चाकं आपापली जागा खरी म्हणून भांडतात.

बुल गिअर सोडून सगळ्या कॉलर काढल्या. मोटरकडची कडक कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा तुकडा) काढून रबरी तुकड्याची कपलिंग लावली, १८० रुपये. आवाज गेला. पुढून बघितलं तर मधलं पिनियन श्वास घेतल्यासारखं अगदी किंचित आत-बाहेर करतंय. जहाजावरही जागेला बांधलेलं फक्त मोठं चाक, बाकीचे त्याच्या मागे.

१० फेब्रुवारी

गिअरवर ओझं टाकायला प्रोपेलर शाफ्टवर ६० मिमीचा ड्रम, त्याला नायलॉनचा पट्टा आणि भाजीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंग काटा. ८ किलो ओढ धरून दोन तास चालवलं.

थांबवून बघितलं तर डाव्या बाजूच्या दुसऱ्या पिनियनखाली पांढरी भुकटी पडलेली, पिठाच्या गिरणीत जात्याखाली असते तशी. उजव्या बाजूला काही नाही. उजव्या पिनियनच्या दातांवर प्रिंटरच्या रेघा जशाच्या तशा. मार्किंग ब्लू, म्हणजे दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग, लावून परत फिरवलं. डावीकडे निळं पूर्ण पुसलं गेलं, उजवीकडे हातही लागला नव्हता. उजवी वाट नुसती बरोबर चालत होती, ओझं सगळं डावीकडे.

लॉक्ड-ट्रेनचा खरा प्रश्न हाच. पिनियन, दोन चाकं, दोन पिनियन, बुल गिअर असं बंद वर्तुळ होतं. एका वाटेचे दात टेकले तेव्हा दुसऱ्या वाटेचे दात केसाएवढे मागे असतील, तर ते आयुष्यभर मागेच राहतात. ८३ दातांच्या चाकाचा एक दात म्हणजे ४.३४ अंश. चाक शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या तुकड्याने) पक्कं केलं की ते अर्ध्या दातापर्यंत, म्हणजे २ अंशांहून थोडं जास्त, चुकू शकतं. माझी चावीची खाच मी कुठेही पाडली होती.

१४ फेब्रुवारी

चावी काढली. उजव्या चाकाला चिरलेला हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) आणि आवळायचा बोल्ट, म्हणजे चाक शाफ्टवर कितीही अंशांत फिरवून आवळता येईल. पद्धत: मोटरकडचं पिनियन लाकडी पाचर मारून अडवायचं, बुल गिअरला मागच्या दिशेने थोडी ओढ द्यायची, डावी वाट टेकली की उजवं चाक हाताने फिरवून तिथलेही दोन्ही दात टेकवायचे आणि बोल्ट आवळायचा.

आवळताना चाक जरासं फिरतं. तेवढ्याने सगळं बिघडतं. सात वेळा केलं. ८ मिमीचा पोलादी शाफ्ट इतका ताठ की पाव अंशाची चूकसुद्धा तो पोटात घेत नाही. माझ्या ओझ्याला तो अंशाचा पंचविसावा भागही पिळत नाही. सातव्या वेळी ब्लू दोन्हीकडे थोडं पुसलं गेलं, दुसऱ्या दिवशी परत डावीकडेच. ॲक्रिलिक उन्हाने हललं असेल, नाहीतर आवळलेला हब सरकला असेल.

१७ फेब्रुवारी

मनातून निघत नव्हतं म्हणून जुनी वही काढली. त्यात माझ्याच हाताने काढलेलं क्विल शाफ्टचं चित्र. फर्स्ट रिडक्शनचं चाक पोकळ शाफ्टवर, पिनियनही पोकळ, आणि दोघांच्या पोटातून एक लांब बारीक दांडा. चाक दांड्याच्या एका टोकाला बांधलेलं, पिनियन दुसऱ्या टोकाला. हा दांडा मुद्दाम बारीक, जरा पिळला जावा म्हणून. पुढची वाट आधी टेकली तरी तिचा दांडा पिळतो, तेवढ्यात मागची वाट टेकते, आणि ओझं वाटलं जातं. चीफ इंजिनिअर विचारेल म्हणून पाठ केलं होतं, समजलं नव्हतं.

हिशेब: ३ मिमीचा पोलादी दांडा, १०० मिमी मोकळा, माझ्या ८ किलोच्या ओढीला सुमारे १.८ अंश पिळेल. ८ मिमीचा ०.०४ अंशही नाही. व्यासाच्या चौथ्या घाताचा खेळ आहे हा.

२४ फेब्रुवारी

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून १२ मिमीच्या भोकाची ६००१ बेअरिंग आठ आणली, ११० ला एक. आधीची चार ६०८ वाया. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे १२ मिमीची नळी आणि ३ मिमीचा स्प्रिंग स्टीलचा दांडा नेला. तो म्हणाला, "काका, एवढ्या बारीक दांड्यावर गिअर चालवणार? मोडेल." म्हटलं, मोडला नाही पाहिजे, पण पिळला पाहिजे, म्हणूनच आणलाय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काम करून दिलं. सामानासकट १,६००.

नव्या तीन प्लेटी, या वेळी आधीच आडव्या फोडलेल्या. २,६००.

८ मार्च

महाशिवरात्र, उपास, आणि दिवसभर जुळणी. प्रत्येक क्विलच्या दोन्ही टोकांना ६० मिमीचा पत्र्याचा काटा लावला, एक चाकाबरोबर फिरणारा, एक पिनियनबरोबर, शेजारी शेजारी. एवढ्या लांबीवर १ अंश म्हणजे जवळजवळ १ मिमी, म्हणजे दोन काट्यांतलं अंतर मोजलं की त्या वाटेवर किती ओझं ते पट्टीने कळतं. बुल गिअर अडवून मोटरकडून ओढ देऊन, उभ्या गिअरवर मोजायचं.

पहिलं मोजमाप: डावीकडे २.९, उजवीकडे ०.८. हब सोडून, फिरवून, आवळून: २.४ आणि १.३. तिसऱ्या वेळी २.० आणि १.७. इथे थांबलो. ताठ शाफ्टवर सात वेळा करून जे टिकत नव्हतं ते तीन वेळांत टिकलं. चूक गेली नाही, ती आता सोसली जाते.

दुपारी वरच्या टोपीचा बोल्ट बसवताना एम३ चा नट आत पडला. मोटर चालू नव्हती म्हणून वाचलो. जहाजावर गिअरकेसचं झाकण उघडायचं तर खिशातलं पेन, हातातलं घड्याळ बाहेर ठेवून, पाने सुतळीने मनगटाला बांधून वाकावं लागायचं, आणि चीफ शेजारी उभा राहून शर्टाची बटणं मोजायचा. आत गेलेला एक नट पूर्ण सेट खाऊ शकतो. माझा नट चिमट्याने निघाला.

१२ मार्च

टर्निंग गिअर म्हणून मोटरच्या मागच्या टोकाला हाताचं हँडल केलं. जहाजात ही एक छोटी मोटर असते. गरम टर्बाइन उभी राहिली की रोटर वाकतो म्हणून तिला सावकाश फिरवत ठेवायचं. भाच्याने हँडल तसंच ठेवून स्विच दाबला. हँडल सुटून कपाटाच्या काचेवर. सुदैवाने बोटं मधे नव्हती. आता हँडल बसवलं की एक मायक्रोस्विच मोटरची लाइन तोडतो. जहाजावर हाच इंटरलॉक असतो आणि त्याला बायपास करणाऱ्याला मी एकदा ओरडलो होतो.

१७ मार्च

दोन्ही वाटांना पांढरं ग्रीस, चार तास ८ किलोवर. भुकटी नाही. दोन्ही दुसऱ्या पिनियनांवर चमक जवळजवळ सारखी. खऱ्या गिअरकेसमध्ये मात्र ग्रीस चालत नाही. दोन टप्प्यांत सुमारे २ टक्के ताकद उष्णता होते, आणि २०,००० अश्वशक्तीचे २ टक्के म्हणजे ४०० अश्वशक्तीची शेगडी. ती उष्णता फवाऱ्याचं तेलच कूलरपर्यंत वाहून नेतं.

खर्च: फिलामेंट ३,१५०, प्लेटी ४,८००, बेअरिंग १,१६०, मोटर, कंट्रोलर आणि सप्लाय १,९००, लेथ १,६००, कपलिंग ३५०, किरकोळ ९००. एकूण १३,८६०. यातले ३,३९० केवळ माझ्या घाईने आणि लाइटने खाल्ले. वेळ दहा आठवडे, रोज दोन तास धरून.

२३ मार्च

संस्थेत पोचवलं. पहिला प्रश्न एका मुलाने विचारला: "सर, रिव्हर्स गिअर कुठंय?" नाहीये. स्टीम जहाजात मागे जायला वेगळी अस्टर्न टर्बाइन असते, एलपीच्याच शाफ्टवर, वाफ तिकडे वळवायची. गिअर तोच, फिरतो उलटा. मॉडेलमध्ये मोटरच्या वायरी उलट केल्या की झालं.

उलट फिरवून काटे मोजले तर २.५ आणि १.२. पुढच्या दिशेला दात टेकवून जुळवलेलं होतं, मागच्या दिशेला दाताची दुसरी बाजू लागते आणि दोन वाटांचा प्ले सारखा नाही. अस्टर्नला ताकद साधारण ४० टक्केच मिळते, तेव्हा एवढा फरक चालून जाईल म्हणून तसंच सोडलं. मुलांना मात्र काटे मोजायला लावलेत, आणि पट्टी मॉडेललाच दोरीने बांधून ठेवलीय.